सतरा सामने, सतरा विजय

एप्रिल १९७२ मध्ये मायामी डॉल्फिन्स या संघाने १०० डॉलर भरून एक खेळाडू आपल्याकडे घेतला. त्याचं नाव अर्ल मोराल. बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला मोकळं केलं होतं आणि अशा खेळाडूवर हक्क सांगायची लीगने ठरवलेली रक्कम तेवढीच होती. महिनाभरात त्याला ३८ वर्षं पूर्ण होणार होती. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला हा त्याचा सतरावा हंगाम. मायामीकडे सत्तावीस वर्षांचा बॉब ग्रीसी हा उत्तम क्वार्टरबॅक होताच. मोराल राखीव म्हणून आला होता. गरज पडली तर असावा एक अनुभवी माणूस, इतकाच हेतू होता.

त्या हंगामात मायामी एकही सामना हरला नाही. साखळीतले १४, बाद फेरीतले दोन आणि अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, असे १७ च्या १७ सामने त्याने जिंकले. एनएफएल या लीगच्या इतिहासात सुपर बोल जिंकेपर्यंत असा निष्कलंक राहिलेला दुसरा संघ आजवर झालेला नाही. आणि या १७ पैकी ११ सामन्यांत पहिल्या मिनिटापासून मैदानात होता तो हाच १०० डॉलरचा माणूस. या हंगामाचं मर्म मला इथे सापडतं. तो तारांकित खेळाडूंचा पराक्रम म्हणून सांगितला जातो, पण तो उभा होता दुसऱ्यांनी सोडून दिलेल्या आणि कुणी निवडलेच नव्हते अशा माणसांवर.

पुढे जाण्याआधी खेळाची थोडी ओळख हवी. मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू दुसऱ्याकडे. चेंडू घेऊन पळता येतं किंवा तो पुढे फेकता येतो, आणि यातलं काय करायचं याची सूत्रं क्वार्टरबॅकच्या हातात असतात. टोकाला पोचलात की टचडाउन, त्याचे सहा गुण, आणि त्यानंतरची किक साधली तर आणखी एक. खांबांमधून चेंडू मारून फील्ड गोल केला तर तीन. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे. खेळ दिसतो धक्काबुक्कीचा, पण प्रत्येक चाल आधी आखलेली असते, आणि अकरांपैकी एकाची पावलं चुकली तरी ती फसते.

मायामीचे प्रशिक्षक डॉन शुला या पावलांबाबत कमालीचे कडक होते. ओहायोतल्या हंगेरियन वंशाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या ३३व्या वर्षी, १९६३ मध्ये, ते बाल्टिमोर कोल्ट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. १९६८ च्या हंगामात त्यांच्या संघाने साखळीतले १४ पैकी १३ सामने जिंकले. नेहमीचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटस दुखापतीमुळे बाहेर होता आणि त्याच्या जागी खेळलेल्या बदली खेळाडूने लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला. तो बदली खेळाडू म्हणजे अर्ल मोराल.

मग जानेवारी १९६९ मध्ये, मायामीच्याच ऑरेंज बोल मैदानावर, सुपर बोलचा दिवस उजाडला. समोर होता न्यूयॉर्क जेट्स. कोल्ट्स १८ गुणांनी जिंकतील असा सट्टेबाजांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेट्सने १६-७ असा विजय मिळवला. पहिल्या अर्ध्यात मोरालचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. त्यातल्या एका चालीत जिमी ऑर हा त्याचा साथीदार टचडाउनच्या टापूजवळ एकटा उभा राहून हात हलवत होता. मोरालला तो दिसला नाही. त्याने दुसरीकडे फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने अडवला. अमेरिकन फुटबॉलमधल्या सर्वांत धक्कादायक पराभवांमध्ये आजही त्या सामन्याचं नाव घेतलं जातं, आणि त्याची दोन ठळक नावं होती शुला आणि मोराल. तीन वर्षांनी शुलांनी ज्या माणसासाठी १०० डॉलर मोजायला लावले तो हा होता. त्याचा सर्वांत वाईट दिवस त्यांनी अगदी जवळून पाहिला होता, आणि त्याआधीचे तेरा विजयही पाहिले होते.

शुला मायामीला आले १९७० मध्ये. संघ जेमतेम चार वर्षांचा होता आणि आदल्या हंगामात त्याने १४ पैकी तीनच सामने जिंकले होते. शुला कोल्ट्सच्या करारात असताना मायामीने त्यांच्याशी परस्पर बोलणी केली म्हणून लीगने महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीतला मायामीचा पहिल्या फेरीचा हक्क काढून कोल्ट्सला दिला. त्या उन्हाळ्यात खेळाडूंच्या संपामुळे सरावाचे दिवस कमी मिळाले. शुलांनी त्यावर फ्लॉरिडाच्या उकाड्यात दिवसाला चार-चार सराव घेण्याचा उपाय काढला. पहिल्याच वर्षी संघ १० सामने जिंकला. पुढच्या वर्षी तो थेट सुपर बोलला पोचला आणि तिथे डॅलस काउबॉइजने त्याला २४-३ असं लोळवलं. त्याआधीच्या कुठल्याही सुपर बोलमध्ये असा संघ झाला नव्हता की ज्याला एकही टचडाउन करता आलं नाही. हरल्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये शुलांनी खेळाडूंना सांगितलं की आज पोटात जे कालवतं आहे ते विसरू नका. १९७२ चा हंगाम त्या संध्याकाळी सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

पहिले चार सामने मायामीने जिंकले, पण सहज नव्हे. मिनेसोटामध्ये शेवटच्या पंधरा मिनिटांत संघ १४-६ असा मागे होता. गारो येप्रेमियनने ५१ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि सामना संपायला दीड-एक मिनिट उरलं असताना ग्रीसीच्या छोट्या पासवर टचडाउन झालं. १६-१४. अपराजित हंगाम तिसऱ्याच सामन्यात संपता संपता राहिला.

१५ ऑक्टोबरला सान दिएगो चार्जर्सविरुद्ध पाचवा सामना होता. ग्रीसीने पास फेकला त्याच क्षणी दोन धिप्पाड बचावपटू त्याच्यावर आदळले. उजव्या पायाचं हाड मोडलं, घोटा निखळला. ऑरेंज बोलमधले प्रेक्षक बघत असताना त्याला बाहेर नेण्यात आलं आणि मोराल आत आला. तो सामना मायामीने २४-१० असा जिंकला. पुढच्याच आठवड्यात बफेलोविरुद्ध २४-२३, म्हणजे एका गुणाने. त्यानंतर मोरालचा हात बसला. बाल्टिमोरमध्ये, ज्या संघाने त्याला सोडून दिलं त्यांच्याच मैदानावर, मायामी २३-० ने जिंकला. न्यू इंग्लंडविरुद्ध ५२-० झालं आणि तो शुलांचा साखळीतला शंभरावा विजय ठरला. साखळीतले उरलेले नऊच्या नऊ सामने मोरालने सुरू केले आणि नऊही जिंकले.

हे श्रेय एकट्या मोरालचं मात्र नाही. क्वार्टरबॅक बदलला तरी चालेल असाच खेळ शुलांनी बसवला होता. चेंडू शक्यतो हवेत न टाकता जमिनीवरून पुढे न्यायचा, घड्याळ आपल्याकडे ठेवायचं. लॅरी झोंका हा ओहायोतल्या शेतावर वाढलेला दणकट गडी मधून घुसायचा. तो पडायच्या आधी दोन-तीन जणांना घेऊन पडायचा. मर्क्युरी मॉरिस कडेने वाऱ्यासारखा निसटायचा. अडचणीच्या वेळी दोन-चार यार्ड हवे असले की जिम कीक. हंगामअखेर झोंकाच्या नावावर १,११७ यार्ड होते आणि मॉरिसच्या नावावर ९९१. बफेलोविरुद्धच्या एका चालीची चित्रफीत लीगने पुन्हा तपासली, त्याच्या खात्यातले चुकून वजा झालेले नऊ यार्ड परत केले, आणि आकडा बरोबर १,००० झाला. एकाच संघातल्या दोन धावपटूंनी एकाच हंगामात हजार यार्ड गाठण्याची एनएफएलमधली ती पहिली वेळ. संघाने मिळून पळून २,९६० यार्ड काढले, हाही तेव्हाचा विक्रम.

त्यांच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या पुढच्या फळीकडे मी मुद्दाम वळतो, कारण त्या फळीचं कौतुक प्रेक्षक सहसा करत नाहीत. लॅरी लिटलला महाविद्यालयातून बाहेर पडताना कुठल्याच संघाने निवडलं नव्हतं. सान दिएगोने घेतलं आणि पुढे मायामीला देऊन टाकलं. जिम लँगरला क्लीव्हलंडने काढून टाकलं होतं. बॉब क्यूशेनबर्ग दोन संघांच्या दारातून परत फिरून शिकागोत अर्धव्यावसायिक फुटबॉल खेळला होता. नॉर्म एव्हान्स आणि वेन मूर हेही इतर संघांतून आलेले. या पाच जणांना प्रशिक्षक माँटी क्लार्क यांनी एकत्र असं घडवलं की पुढे लिटल आणि लँगर हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या सन्मानयादीत, गेले. त्यांचं काम असं की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. एकाने प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम आत येऊ द्यायचं, दुसऱ्याने बाजूने येऊन त्याला धडकायचं, आणि त्या क्षणभर उघडलेल्या फटीतून झोंकाने निघायचं. पाच माणसांची पावलं एका तालात पडली तरच हे साधतं.

बचावाची गोष्टही अशीच आहे. आदल्या सुपर बोलपूर्वी डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांना मायामीच्या बचावपटूंची नावं आठवेनात. तेव्हापासून हा बचाव 'नो-नेम डिफेन्स' म्हणून ओळखला जाऊ लागला आणि खेळाडूंनी ते बिरुद अभिमानाने मिरवलं. त्यांचा कर्णधार निक ब्युओनिकोंटी त्या जागेसाठी ठेंगणा मानला जायचा. महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत त्याचं नाव तेराव्या फेरीत आलं होतं. मॅनी फर्नांडिसला तर कुणीच निवडलं नव्हतं. पण या बचावामागे बिल आर्न्सपार्गर यांचं डोकं होतं. त्यांनी बॉब मॅथेसन या खेळाडूला अशा जागी उभं केलं की चाल सुरू होईपर्यंत तो क्वार्टरबॅकवर धावून जाणार की मागे सरकून पास अडवणार, हे समोरच्याला कळायचंच नाही. मॅथेसनच्या जर्सीचा क्रमांक ५३ होता, म्हणून त्या रचनेला '५३ डिफेन्स' हे नाव पडलं. साखळीच्या १४ सामन्यांत मायामीने ३८५ गुण केले आणि १७१ दिले. सर्वांत जास्त केलेले आणि सर्वांत कमी दिलेले, दोन्ही आकडे त्या वर्षी लीगमध्ये त्यांचेच.

या हंगामावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खरा आहे. साखळीतल्या प्रतिस्पर्ध्यांपैकी कॅन्सस सिटी आणि न्यूयॉर्क जायंट्स हे दोनच संघ पराभवांपेक्षा जास्त विजय घेऊन हंगाम संपवू शकले. वेळापत्रक सोपं होतं यात शंका नाही. पण सोप्या वेळापत्रकाचा फायदा घेऊन १४ पैकी १२ जिंकणारे संघ पुष्कळ झाले. एकही आठवडा ढिलाई न करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तीही पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक नसताना. शिवाय बाद फेरीत मायामीला काहीच सोपं मिळालं नाही.

२४ डिसेंबरला क्लीव्हलंड ब्राउन्सने मायामीला घरच्या मैदानावर शेवटच्या टप्प्यात १४-१३ असं मागे टाकलं. पाचेक मिनिटं उरली असताना कीकने आठ यार्डांवरून टचडाउन केलं आणि सामना २०-१४ असा सुटला. ३१ डिसेंबरचा पुढचा सामना पिट्सबर्गमध्ये झाला. १५ विजय आणि शून्य पराभव असलेल्या संघाला प्रतिस्पर्ध्याच्या गावी का जावं लागलं? तेव्हा यजमानपद कामगिरीवर ठरत नसे, ते पाळीपाळीने फिरायचं. पिट्सबर्ग स्टीलर्सने आदल्याच आठवड्यात ओकलंड रेडर्सना शेवटच्या सेकंदांत अविश्वसनीय रीतीने हरवलं होतं आणि शहर आनंदाने वेडं झालं होतं.

या सामन्यातली एक चाल मला सर्वांत आवडते. मायामी ७-० ने मागे होता, चौथा प्रयत्न होता, आणि अशा वेळी चेंडू लाथेने दूर मारून द्यायचा असतो. ते काम लॅरी साइपलचं. चेंडू हातात आल्यावर त्याने पाहिलं की स्टीलर्सचे खेळाडू किक होणारच असं धरून पाठ फिरवून मागे पळू लागले आहेत. कुणाची आज्ञा नव्हती, ठरलेली चाल नव्हती. त्याने चेंडू पोटाशी धरला आणि त्यांच्याच मागून ३७ यार्ड पळाला. लगेच पुढे मोरालच्या पासवर झोंकाने टचडाउन केलं आणि बरोबरी झाली. सराव इतका कडक असलेल्या संघात एका किक मारणाऱ्याला हे धाडस सुचलं आणि ते करायची मोकळीक वाटली, यात शुलांचं मोठेपण आहे.

तरी त्या दिवशी मोरालच्या हाताखाली आक्रमण अडखळत होतं. ग्रीसीचा पाय आता बरा झाला होता. दुसऱ्या अर्ध्यात शुलांनी ग्रीसीला आत पाठवलं. थोड्याच वेळात त्याने पास झेलणाऱ्या पॉल वॉरफील्डला ५२ यार्डांची चाल करून दिली, कीकने दोन टचडाउन केले आणि मायामी २१-१७ ने जिंकला. मग प्रश्न उरला सुपर बोलमध्ये कोण सुरुवात करणार याचा. सलग विजय मिळवून देणाऱ्या, एका जुन्या सुपर बोलची सल मनात असलेल्या मोरालला बाकावर बसवायचं की अडीच महिने बाहेर असलेल्या ग्रीसीवर विसंबायचं? शुलांनी ग्रीसीला निवडलं. मोरालवर हा अन्याय झाला असं मला वाटतं, आणि निर्णय बरोबर होता असंही वाटतं. मोरालने त्यावरून संघात कसलीही कटुता येऊ दिली नाही.

१४ जानेवारी १९७३, लॉस एंजेलिस कोलिझियम. जानेवारी असूनही पारा २९ अंशांवर होता आणि मैदानात ९०,००० हून अधिक प्रेक्षक. समोर वॉशिंग्टन. गंमत म्हणजे १६ सामने जिंकून आलेल्या मायामीपेक्षा सट्टेबाजांचं पारडं किंचित वॉशिंग्टनकडेच झुकलेलं होतं. ग्रीसीने सबंध सामन्यात फक्त ११ पास फेकले. झोंकाने एकट्याने ११२ यार्ड काढले. फर्नांडिसने मधली वाट बंद करून टाकली. बचावपटू जेक स्कॉटने दोन पास अडवले, त्यातला एक थेट स्वतःच्या टचडाउनच्या टापूत, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. सामना संपत आला तेव्हा १४-० झाले होते.

त्या क्षणी ४२ यार्डांवरून फील्ड गोल मारायची संधी आली. साधला असता तर धावफलक १७-० झाला असता, सतरा विजय आणि शून्य पराभव असलेल्या हंगामाला साजेसा. येप्रेमियन सायप्रसमध्ये जन्मलेला आर्मेनियन, डाव्या पायाने किक मारणारा. त्याची किक अडवली गेली आणि चेंडू उसळून त्याच्याच हातात आला. त्यावर नुसतं पडून राहिला असता तर काहीच बिघडलं नसतं. पण त्याने तो फेकायचा प्रयत्न केला. चेंडू हातातून सटकला, त्याने तो हवेत पुन्हा टोलवला आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने तो झेलून ४९ यार्ड पळत टचडाउन केलं. १४-७, आणि घड्याळात दोन मिनिटं सात सेकंद बाकी. वॉशिंग्टनला आणखी एक संधी मिळाली, पण मायामीच्या बचावाने त्यांच्या क्वार्टरबॅकला जमिनीवर आणलं आणि वेळ संपली. सुपर बोलच्या इतिहासातला एकमेव निष्कलंक हंगाम शेवटच्या दोन मिनिटांत एका भांबावलेल्या माणसाच्या हातून असा हेलकावा खाऊन गेला. मिनेसोटातला तो दीड मिनिटाचा विजय, बफेलोवरचा एक गुण, येप्रेमियनचा हा घोळ. १७-० च्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

पुढच्या वर्षीही मायामीने सुपर बोल जिंकला. झोंका, वॉरफील्ड, ग्रीसी, ब्युओनिकोंटी हॉल ऑफ फेममध्ये पोचले. शुलांनी निवृत्त होईपर्यंत ३४७ विजय मिळवले, आजवर कुठल्याही एनएफएल प्रशिक्षकापेक्षा जास्त. त्या काळी विजेत्या संघाला व्हाइट हाउसचं आमंत्रण मिळण्याची प्रथा रुळलेली नव्हती. ते आमंत्रण त्यांना ऑगस्ट २०१३ मध्ये, म्हातारपणी, अध्यक्ष ओबामांकडून मिळालं.

पण या संघाच्या कहाणीला एक कडवट बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांमुळे मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. स्मृती, स्वभाव, तोल, सगळं हळूहळू ढासळतं. सीटीई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचं खात्रीशीर निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. मोराल २०१४ मध्ये गेला आणि त्याच्या मेंदूत हा आजार सर्वांत पुढच्या, चौथ्या टप्प्यात आढळला. जेक स्कॉटच्या मेंदूतही हा आजार आढळला. कीकची अखेरची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. मुलगा मार्क १९८५ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉल खेळताना मानेला दुखापत होऊन लुळा पडल्यावर ब्युओनिकोंटीने पक्षाघातावरच्या संशोधनासाठी मायामीत मोठी संस्था उभी करायला हातभार लावला होता. त्यानेच २०१७ मध्ये आपला मेंदू संशोधनासाठी देणार असल्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये तो वारला. ज्या धडकांवर झोंकाची वाट उघडत होती आणि प्रतिस्पर्ध्यांची बंद होत होती, त्यांची ही किंमत त्या वेळी कुणी मोजलेली नव्हती.

विक्रमाला मात्र अजून कुणी हात लावू शकलेलं नाही. १९८५ मध्ये शिकागो बेअर्स १२ सामने अपराजित राहून मायामीत आले. १९७२ च्या संघातले काही जुने खेळाडू त्या रात्री मैदानाच्या कडेला उभे होते, आणि शुलांच्या नव्या संघाने शिकागोला ३८-२४ असं हरवलं. शिकागोचा त्या हंगामातला तो एकमेव पराभव. २००७ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स साखळीतले १६ आणि बाद फेरीतले दोन असे १८ सामने जिंकून सुपर बोलला पोचले आणि तिथे जायंट्सकडून १७-१४ ने हरले. २०२१ पासून साखळीच १७ सामन्यांची झाली आहे. म्हणजे मायामीसारखा हंगाम काढायचा तर आता, बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यात विश्रांती मिळाली तरी, २० सामने जिंकावे लागतील.